जावेच्या नावावर

अकोल्यात गोटूलाल सेठच्या तेलगिरणीत कौशल्याला सगळे शकुन म्हणत. मुकादम म्हणे, पॅकिंगमधल्या बायका म्हणत, फाटकावरचा चौकीदारही म्हणे. तिनं कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. करणार तरी कशी? गिरणीच्या हजेरीपटात तिचं नाव शकुन देवमन असंच होतं.

खरी शकुन म्हणजे तिची थोरली जाऊ. कौशल्याचा नवरा पुंजाराम घरांना रंग द्यायचं काम करी आणि देवमन हा त्याचा मोठा भाऊ. दोघे भाऊ अकोल्यात दोन खोल्यांत एकत्र राहत. अठ्ठ्याऐंशी साली शकुन गिरणीत लागली, डबे झाळायला. तेलानं भरलेल्या डब्याचं तोंड कथलानं झाळून बंद करायचं, हे तिचं काम. दोन वर्षांत ती कायम झाली, कामगार विम्याचं कार्ड हातात आलं. त्या काळी कार्डावर फोटो नसे.

मग एक्याण्णव साली मूर्तिजापूरकडच्या गावात सासू अंगणात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. कोणाला तरी जाणं भाग होतं. कौशल्याच्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. वय वीस. सासूशी तिचं धड बोलणंही झालेलं नव्हतं. शकुननं एका सकाळी भाकरी थापता थापता निकाल लावला.

"दोन महिने मी जाते गावाले. तू माह्या कार्डावर कामाले जा. नाई तं जागा जाईल."

"बाई, मले थे झाळायचं काम येते काय?"

"मले तरी कुठी येत होतं."

गिरणीचे मुनीम पंजाबराव यांनी नव्या पोरीकडे एकदा पाहिलं आणि म्हटलं, "नाव राहू दे तेच. बदलायचं म्हटलं तं वरपर्यंत कागद जातात." विषय तिथंच संपला.

सासू त्यानंतर नऊ वर्षं जगली. देवमनही गावी जाऊन शेती पाहू लागला. शकुननं वावरात असा जीव लावला की पुढं तिला शहरात या म्हणायची सोय राहिली नाही. दोन महिन्यांची पंधरा वर्षं झाली. कौशल्याला दोन लेकरं झाली. डबे गेले, प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, पिशव्या भरणारं यंत्र आलं आणि त्या यंत्रावर ती बसू लागली.

नावाच्या या घोळाची घरात थट्टा चाले. दोन हजार दोन साली त्या यंत्रात कौशल्याच्या डाव्या हाताचं मधलं बोट सापडलं. विम्याच्या दवाखान्यात तिला ठेवलं. पुंजाराम धावत गेला आणि नर्सला म्हणाला, "शकुन देवमन कुठी हाय?"

"तुम्ही कोण?"

पुंजाराम घुटमळला. बायको समोरच्या खाटेवर दिसत होती. तो म्हणाला, "मी दीर."

"मग यांचे मालक नाही आले?"

"थे वावरात हायेत," पुंजाराम म्हणाला. कौशल्यानं दुखऱ्या हातासकट तोंड भिंतीकडे फिरवलं, हसू आवरेना म्हणून. बोट वाचलं, पण पेरापासून वाकडं राहिलं.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत गोटूलाल सेठनं बासष्ट कामगारांना अंगणात बोलावलं. सेठ मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हता. तो ढेपीच्या पोत्यावर बसला आणि म्हणाला, "मलेशियाचं पामतेल कांडल्याच्या बंदरावर ज्या भावात उतरते, त्या भावात मले सरकीसुद्धा भेटत नाई. तीन वर्सं ओढलं. आता माह्यानं होत नाई." त्यानं चष्मा काढून पुसला. इतक्या दूरच्या देशातल्या झाडाचं तेल आणि आपली गिरणी यांचा काय संबंध, ते बायका घरी जाता जाता एकमेकींना विचारत राहिल्या. आठ दिवसांत फाटकाला कुलूप लागलं.

अब्दुल सत्तार हे गिरणीचे एक्स्पेलर मिस्त्री. सरकीतून तेल काढणारी ती थोरली यंत्रं त्यांनी तीस वर्षं सांभाळली. वय अठ्ठावन्न, दाढी पांढरी, हातांना तेलाचा वास कायमचा. कुलूप लागल्यावर बाकीचे घरी बसले, सत्तारभाई मात्र विम्याच्या कचेरीत जाऊन बसले आणि तिसऱ्या दिवशी बातमी घेऊन आले.

"योजना निघाली हाय," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "ज्याच्या कारखान्याले टाळं लागलं त्याले सहा महिने अर्धा पगार. दवाखाना चालू राहीन. अन् दुसरं काम शिकायचं असन तं सरकार शिकवते. फारम भरा, बस."

फॉर्म भरायची जागा ठरली ती त्यांच्याच बैदपुऱ्यातल्या घराची ओसरी. त्यांची मुलगी कहकशाँ शिक्षिकेचा कोर्स करत होती, तिचं अक्षर मोत्यासारखं. ती चटईवर बसून एकेकाचा फॉर्म लिही, सत्तारभाई शेजारी बसून माहिती सांगत आणि त्यांची बायको सईदा आल्यागेल्याला चहा देई.

कौशल्या आली तेव्हा कहकशाँनं विचारलंही नाही. तिनं वरच्या ओळीत लिहायला सुरुवात केली, "शकुन देवमन..."

"थांब वं पोरी," कौशल्या म्हणाली. मग ती सत्तारभाईंकडे वळली. "सत्तारभाई, मी शकुन नाई."

सत्तारभाईंना वाटलं, ती नाराज आहे. "असं कावून म्हणतेस? नोकरी गेली म्हणून नाव थोडंच जाते."

"तसं नाई. माहं नाव कौशल्या हाय. शकुन माही जाऊ. मी तिच्या कार्डावर कामाले होती. पयल्या दिवसापासून."

सत्तारभाईंनी तिच्याबरोबर पंधरा वर्षं एका छपराखाली काम केलं होतं. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात ही बाई दोन दिवस राबली होती. आतून सईदा आली, हातात कपबशी तशीच.

"अरे, तो पंधरा साल मैं ईद का शीरखुर्मा किसकू भेजी?"

"खाल्लं तं मीच, भाभी," कौशल्या म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. सईदानं कपबशी खाली ठेवली, तिच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "फिर ठीक है."

सत्तारभाईंनी दाढी कुरवाळत म्हटलं, "कायद्यानं पाहिलं तं नोकरी शकुनची गेली. तिले बोलाव. तिनं सही केली की झालं."

शकुन दोन दिवसांनी मूर्तिजापूरहून पॅसेंजरनं आली, डोक्यावर गाठोडं घेऊन. गाठोड्यात तुरीची डाळ, हिरवे हरभरे आणि कौशल्याच्या सीमासाठी बोरं. सीमा आता आठवीत होती, पण शकुनच्या लेखी ती अजून बोरं मागणारी पोर होती.

"बाई, उगी तुमाले त्रास," कौशल्या म्हणाली.

"माह्या नावानं तू घाम गाळला. मले सही कराले काय जाते?"

दुसऱ्या दिवशी दोघी जावा विम्याच्या कचेरीत गेल्या. शकुननं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. टेबलामागं महादेवराव बसले होते, मोठे बाबू. निवृत्तीला वर्ष उरलं होतं, समोर सोललेलं संत्रं होतं. कौशल्या मागच्या बाकावर बसली, पदर डाव्या हातावर ओढून. शकुन पुढं गेली.

महादेवरावांनी जुनी फाइल उघडली. "काय काम करत होत्या?"

"डबे झाळत होती साहेब."

"अलीकडं?"

"डबेच."

महादेवरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "गिरणीतले डबे बंद होऊन आठ वर्षं झाली, असं तुमच्याच मिस्त्रीनं मला परवा सांगितलं."

महादेवरावांनी फाइलचं एक पान उलटलं, त्यावर बोट ठेवलं. "दोन हजार दोन. यंत्रात डाव्या हाताचं बोट चेमटलं. एकवीस दिवस दवाखान्यात होत्या तुम्ही. जरा डावा हात दाखवा."

शकुननं हात पुढं केला. शेतात काम करून तो राकट झाला होता, तळव्याला भेगा होत्या, पण पाचही बोटं सरळ होती. महादेवरावांनी त्या हाताकडे पाहिलं, मग मागच्या बाकाकडे पाहिलं. कौशल्यानं पदर आणखी ओढला आणि तेवढ्यानंच सगळं सांगून टाकलं.

शकुन घाबरली नाही. निदान तसं दाखवलं नाही. ती म्हणाली, "साहेब, बोट माह्या जावेचं गेलं, नाव माहं गेलं. दोनी एकाच घरचं हाय."

"बाई, याला गुन्हा म्हणतात. दोघींचाही." महादेवरावांचा आवाज चढला नाही. "दुसरीच्या नावावर काम, दुसरीच्या नावावर उपचार. आणि आता दुसरीच्या नावावर भत्ता."

कौशल्या उठून टेबलापाशी आली. "साहेब, त्याईचा दोष नाई. काम मी केलं."

"मग अर्ज तुम्ही करायला पाहिजे."

"पण मी कोण हाय, हे कोण्या कागदात लिवलं हाय?"

महादेवरावांनी संत्र्याच्या दोन फोडी कागदावर ठेवून बायकांपुढं सरकवल्या, जणू त्यांनाही थोडा वेळ हवा होता. मग त्यांनी शकुनचा फॉर्म घडी करून परत दिला.

"हा मी पाहिला नाही. घेऊन जा. जे खरं आहे ते लिहून आणा, साक्षीदारासकट. नागपूरला पाठवीन. मिळेलच असं सांगत नाही. उलट जुने पैसे परत मागतील, तेही होऊ शकते. विचार करून या."

कचेरीबाहेर कडुनिंबाखाली चहाची गाडी होती. दोघी पारावर बसल्या. कौशल्याच्या हातातला चहा तसाच निवत होता.

"जाऊ द्या बाई. मी धुणीभांडी पाहते. नसती बलामत कायले?"

शकुन बशीतून चहा पीत होती. तिनं बशी खाली ठेवली. "मी गावात नऊ वर्सं सासूचं हगणंमुतणं काढलं. आजवर कोणी म्हटलं नाई का शकुननं नाई केलं म्हणून. साऱ्या गावानं पायलं. तुहं काम कोणी पायलं नाई काय?"

"पायलं. पण शकुन म्हणून पायलं."

"तं मंग आता नीट पाहू दे."

मग बोलता बोलता कौशल्याला एक गोष्ट पहिल्यांदाच कळली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपण जावेची नोकरी दाबून बसलो. घरात भांडण झालं, की ती मनातल्या मनात हेच काढून स्वतःला गप्प करी. आणि जाऊ तर असं समजत होती, की आपण धाकटीला कोवळ्या वयात गिरणीत ढकललं. दोघींनी एकमेकींचं देणं उगाच डोक्यावर घेतलं होतं. पारावर बसून दोघींनी ते बोलून टाकलं. फार बोलल्या नाहीत. शकुन एवढंच म्हणाली, "येडीच हायेस." आणि कौशल्यानं गार चहा एका घोटात संपवला.

साक्षीदार म्हणून सत्तारभाई तयारच होते. पण नाव बदलायला नको असं ज्यांनी ठरवलं, त्या पंजाबराव मुनिमाचं लिहून मिळालं तर कागदाला वजन येणार होतं. पंजाबराव नोकरी सोडून मुलीकडे अचलपूरला राहायला गेले होते. सत्तारभाई, शकुन आणि कौशल्या अंजनगावमार्गे एस.टी.नं निघाले. सईदानं डब्यात पराठे आणि आंब्याचं लोणचं दिलं होतं. तिघांनी ते अंजनगावच्या स्टँडवर खाल्लं. शकुनला लोणचं इतकं आवडलं, की परतीच्या वाटेवर तिनं सत्तारभाईंना त्याची कृती तीनदा विचारली आणि त्यांना ती तीनदाही सांगता आली नाही.

पंजाबरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ते अंगणात खाटेवर बसले होते. सत्तारचा आवाज ऐकून खूष झाले, कौशल्याला ओळखून "ये शकुन" म्हणाले आणि मग येण्याचं कारण कळताच आक्रसून बसले.

"मले आठवत नाई. पंधरा वर्सांच्या गोष्टी. माणसं किती आली, किती गेली."

"पंजाबराव," सत्तारभाई म्हणाले, "तुमाले दोन हजारच्या साली कोणत्या गाडीत किती पोते ढेप गेली थे आठवते. मले म्हाईत हाय."

"केस झाली तं माह्या जवायाच्या घरी पोलीस येतीन."

"केस झाली तं माह्याही घरी येतीन. मीही सही करून राहिलो."

आतून पंजाबरावांच्या मुलीनं पाणी आणलं. मग शकुन त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसली. "मुनीमजी, मले ओळखलं काय? मी पयली शकुन. मले तुमीच कामाले लावलं होतं."

म्हाताऱ्यानं मान वर केली. धूसर डोळ्यांनी त्यानं एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. दोन शकुन एका वेळी समोर कधी आल्या नव्हत्या.

"मंग ही कोण?" त्यानं विचारलं. "हिचं नाव काय?"

"कौशल्या," कौशल्या म्हणाली.

"कौशल्या." पंजाबरावांनी ते सावकाश म्हणून पाहिलं. "रोज सकाळी मी तुही हजेरी भरली. एक दिवस नाई विचारलं. मले वाटलं, कागद वाचले." मग ते मुलीला म्हणाले, "वही आण. मले दिसत नाई, मी सांगतो तसं लिही."

अर्ज नागपूरला गेला. मार्च गेला, उन्हाळा गेला. बाकी कामगारांना भत्ता सुरू झाला. कौशल्या दोन घरची धुणीभांडी करू लागली. पुंजारामला त्या वर्षी रंगाचं काम बेताचंच होतं. कपाशीचा भाव पडला की घरं रंगवतं कोण. दर पंधरवड्याला ती महादेवरावांकडे जाई. ते म्हणत, "अजून नाही," आणि मग हटकून विचारत, "जाऊ कशा आहेत?"

जुलैच्या शेवटी उत्तर आलं. महादेवरावांनी ते तिला वाचून दाखवलं. चौकशीत असं दिसलं होतं, की एक्याण्णवपासून कामावर प्रत्यक्ष कौशल्या पुंजाराम हीच होती आणि तिच्याच पगारातून विम्याची रक्कम कापली गेली. म्हणून दप्तरात नाव दुरुस्त करावं. ताकीद द्यावी, वसुली करू नये. भत्त्याचा अर्ज मात्र खऱ्या नावानं वेळेत आला नाही, तेव्हा तो नामंजूर. प्रशिक्षण घेता येईल, त्या काळात दवाखानाही मिळेल.

"म्हणजे नाई भेटलं," कौशल्या म्हणाली.

"भत्ता नाही भेटला." महादेवरावांना वाईट वाटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "मी दोनदा लिहिलं. नाही ऐकलं त्यांनी. पण बाई, शिकायचं सोडू नका. शिवणकाम आहे, कॉम्प्युटर आहे, मोटार रिवाइंडिंग आहे."

"मोटार म्हंजे?"

"विहिरीवरची. जळालेल्या मोटारीत नवीन तार भरायची."

कौशल्याला शिवणकाम येत होतं आणि गल्लीत शिवणारणी सात होत्या. कॉम्प्युटर सीमा शिकत होती. पण मोटारी? गावी गेलं की शकुन दुसरं काही बोलतच नसे. लाइट येते कमी, येते तेव्हा तिच्यात जोर नसतो, आणि मोटार जळते. एका हंगामात देवमनची मोटार तीनदा जळाली होती. मूर्तिजापूरला नेली की आठ दिवस पडून राही, तोवर पीक वाळे.

"मोटार लिहा," ती म्हणाली.

वर्गात अठरा जण होते. सतरा पुरुष. त्यांतले एक अब्दुल सत्तार. तीस वर्षं मिस्त्री म्हणून दुसऱ्यांना शिकवलेला माणूस पहिल्या दिवशी वही-पेन घेऊन बाकावर बसला होता. शिकवणारे नितेश सर पंचविशीतले. त्यांना आधी या दोघांशी कसं बोलावं तेच कळेना. ते सत्तारभाईंना चाचा म्हणू लागले आणि कौशल्याला मावशी.

काम बारीक होतं. मोटारीच्या पोलादी कड्याला आतून खाचा असतात. प्रत्येक खाचेत आधी कागद बसवायचा, मग तांब्याच्या तारेची गुंडाळी हलक्या हातानं सरकवायची, वेढे मोजून, तारेला ओरखडा न येऊ देता. कौशल्याचं वाकडं बोट दर वेळी तारेत अडके. पहिला महिना तिच्या गुंडाळ्या ढिल्या पडल्या. दोनदा तिनं सोडून द्यायचं ठरवलं. मग तिनं डाव्या हाताचं काम उजव्याला आणि उजव्याचं डाव्याला शिकवलं, आणि ते जमायला दसरा उजाडला. सत्तारभाईंचं उलटं होतं. त्यांना यंत्र कळे, पण बारीक तार दिसत नसे. ते जोडणी सांगत, ती गुंडाळी भरे. एका बाकावर बसून दोघांनी मिळून एक कारागीर तयार केला, असं नितेश सर म्हणत.

फेब्रुवारीत दोघांनी मूर्तिजापुरात एस.टी. स्टँडमागं एक गाळा घेतला. रोज अकोल्याहून सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळी परत. पाटी पुंजारामनं रंगवली. चार दिवस खपून, निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं. पाटी लागल्यावर सीमाच्या ध्यानात आलं, की बापानं 'कौश्यल्या' लिहिलंय.

"बाबा, एक य जादा आहे."

पुंजाराम ओशाळला. "आजवर लिवाचं काम कुठी पडलं होतं?" तो ब्रश घेऊन निघाला होता, पण कौशल्यानं त्याला जाऊ दिलं नाही. "राहू द्या. दुरून दिसते तं हाय."

गिऱ्हाइकं पाटी वाचत आणि आत सत्तारभाईंशीच बोलत. बाईनं भरलेली मोटार कोणाला नको होती. पहिली मोटार आणली ती देवमननं, बैलगाडीत घालून, गावच्या चारचौघांसमोरून. शकुन सोबत होतीच.

"भर," ती कौशल्याला म्हणाली.

कौशल्यानं तीन दिवस लावले. मोटार बसवली, चालली आणि चौथ्या दिवशी जळाली. गावभर झालं. देवमननं मोटार खोलून पुन्हा बैलगाडीत घातली, तेव्हा कौशल्याला रडू आलं. गाळ्यात मोटार उघडली तेव्हा एका खाचेत कागद सरकलेला दिसला. तिच्याच हातून. सत्तारभाईंनी तो पाहिला, चष्मा कपाळावर चढवला.

"माह्या पयल्या एक्स्पेलरनं छप्पर उडवलं होतं," ते म्हणाले. "गोटूलाल सेठच्या बापानं मले तीन दिवस जेवण नाई दिलं."

"खरंच?"

"दोन दिवस." त्यांनी जुनी तार कापायला घेतली. "चाल, भर पुन्हा."

या वेळी ती एकेक खाच बोटानं चाचपून पुढं गेली. तारेवर चढवलेलं वार्निश वाळायला एक दिवस जास्तच ठेवला. शेताला लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी पाळीनं मिळे; दिवसाची पाळी आली त्या आठवड्यात दोघं मोटार घेऊन गावी गेले. देवमन आणि सत्तारभाईंनी ती विहिरीवर बसवली. बारा वाजता लाइट आली. देवमननं कौशल्याकडे पाहून खटका दाबला. मोटार घुरघुरली, मग तिचा आवाज एकसारखा झाला आणि पाइपातून पाणी गव्हाच्या पाटात पडू लागलं. सत्तारभाई खाली बसून, मोटारीच्या अंगावर हात ठेवून, गरम होते का पाहत होते.

शकुननं लिंबाखाली जेवण मांडलं. ज्वारीची भाकर, झुणका, हिरव्या मिरचीचा ठेचा. आणि तिनं स्वतः घातलेलं लोणचं. सईदाकडे जाऊन तिनं कृती समजून घेतली होती. सत्तारभाईंनी चाखलं आणि म्हणाले, "मीठ कमी पडलं."

"मग खाऊ नका," शकुन म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी वाढलं.

जेवून देवमन आणि सत्तारभाई पाणी पाहायला गेले. कौशल्या सतरंजीच्या कडेला कलली. मोटारीकडे कान होता तिचा. आवाज जरा बदलला की ती डोळे उघडायची. दोनदा उघडले, तिसऱ्यांदा उघडले नाहीत. गिरणी बंद पडल्यापासून दुपारी पाठ टेकायची तिला सवड मिळाली नव्हती.

तासाभरानं सत्तारभाई परत आले. "गाडीची वेळ होऊन राहिली. उठव तिले."

शकुन जावेच्या उशाशी बसून शेंगा सोलत होती. तिनं हातानंच त्यांना हळू बोला म्हटलं.

"सहा वाजता दुसरी हाय ना," ती म्हणाली. "तिनं जा."

सत्तारभाईंनी विहिरीकडे पाहिलं, झोपलेल्या कौशल्याकडे पाहिलं आणि चपला काढून ते सावलीत बसले. शकुननं मूठभर शेंगा त्यांच्याकडे सरकवल्या.